अंधारात उजळणाऱ्या गोंदणाची कुळकथा

अंधारात उजळणारे गोंदण या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या कुळांचे पदार्थ विकले जातात, आणि ती कुळे वेगळी ओळखल्याशिवाय अशा गोंदणाच्या रूपाविषयी वा सुरक्षिततेविषयी नेमके काहीच सांगता येत नाही. एका कुळातील पदार्थ प्रकाश शोषून साठवतात आणि दिवा मालवल्यावरही तो हळूहळू सोडत राहतात. या गुणधर्माला फॉस्फोरेसन्स म्हणतात. दुसऱ्या कुळातील पदार्थ अतिनील किरण पडत असतील तेवढाच वेळ उजळतात. तो फ्लुओरेसन्स होय.

पहिले कूळ जुने आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील बोलोन्या शहराजवळच्या डोंगरावर सापडलेला एक जड दगड विन्चेन्झो काशारोलो या किमयेच्या नादी लागलेल्या चांभाराने कोळशाबरोबर भाजला, तेव्हा सोने हाती आले नाही, पण उन्हात ठेवून अंधारात नेलेला तो दगड निखाऱ्यासारखा दिसू लागला. भाजलेल्या बराइटचे बेरियम सल्फाइड झाले होते. पुढे झिंक सल्फाइडात रेडियम मिसळून उन्हाविनाही सतत उजळणारा रंग तयार झाला, आणि अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज येथे १९१७ पासून तरुण मुली त्याने घड्याळांच्या तबकड्या रंगवू लागल्या. रंग निरुपद्रवी असल्याचे त्यांना सांगितलेले असल्याने त्या कुंचल्याला ओठांनी टोक काढत आणि हौसेने नखांना, दातांनाही तो रंग लावत. रेडियम हाडांत साठले, जबडे सडले, अनेकींचा जीव गेला. पाच जणींच्या दाव्यात १९२८ मध्ये तडजोड झाली. निरुपद्रवी म्हणून सांगितलेल्या रंगाची एवढी किंमत त्या मुलींनी मोजली, हे या कुळकथेत विसरता येणार नाही.

१९९० च्या दशकात जपानमध्ये किरणोत्सर्ग नसलेले आणि पुष्कळ वेळ उजळणारे स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट पुढे आले. परंतु ते घड्याळे आणि बाहेर पडण्याच्या मार्गाच्या पाट्या यांसाठी होते. पाण्याशी संबंध आल्यास ते विघटित होऊन आम्लारिधर्मी होते, त्याचे कण जाडसर असतात आणि ते बारीक दळले तर उजेड मंदावतो. ओलसर त्वचेत सुईने घालण्यासाठी याहून गैरसोयीचा पदार्थ शोधणे कठीण, आणि म्हणूनच आज या प्रकारात जे विकले जाते ते बहुतांशी दुसऱ्या कुळातले असते.

त्या कुळाला १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी नाव दिले. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील स्विट्झर बंधूंनी त्यापासून भडक रंग बनवले, जे जादूच्या प्रयोगांत आणि नंतर युद्धकाळातील इशाऱ्याच्या कापडांवर वापरले गेले. माशांना खूण करण्यासाठीही त्यांच्या कातडीखाली असे रंग घातले जातात. ब्लॅक लाइटखाली, म्हणजे अतिनील किरण सोडणाऱ्या दिव्याखाली, रंगणाऱ्या नृत्यसोहळ्यांमुळे, ज्यांत गोव्यातील हणजूणच्या ट्रान्स पार्ट्याही येतात, हे रंग हौशी मंडळींच्या ओळखीचे झाले.

गोंदणारा अशा शाईचे काम सहसा ब्लॅक लाइटखाली करतो, कारण साध्या उजेडात शाई जवळजवळ दिसत नाही; मात्र त्या दिव्याखाली पुसायची राहिलेली शाईही उजळून रेघ फसवी दाखवते. शाई अंतस्त्वचेत असते, तर तिच्यावरच्या थरातील मेलॅनिन अतिनील किरण शोषते. त्यामुळे सावळ्या कातडीवर उजेड फिका पडतो. बऱ्या झालेल्या जागी दिवसा पुसटसा व्रण वा पिवळसर रेघ राहते, म्हणजे 'अदृश्य' हे विशेषण अर्धेच खरे ठरते. शिवाय ज्या किरणांनी हे रंग उजळतात त्यांनीच त्यांचे रेणू मोडतात. पारंपरिक गोंदणातील काजळीच्या कार्बनाला ही अडचण नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोणताही रंग त्वचेत टोचण्यासाठी मंजूर केलेला नाही, आणि म्हणून माशांसाठी वापरलेल्या शाईचा दाखला देऊन केलेला 'मान्यताप्राप्त' हा दावा दिशाभूल करणारा आहे. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून गोंदणशाईतील हजारो रसायनांवर बंदी वा मर्यादा घातली, ती मात्र उजळणाऱ्या शाईलाही लागू होते. नको झालेले गोंदण लेझरने काढायचे तर रंगाने त्या प्रकाशाला शोषावे लागते, आणि साध्या उजेडात जवळजवळ रंगहीन असलेली शाई तो फारसा शोषत नाही.