बेलिफ दारात येतो तेव्हा

कोर्टाचा बेलिफ म्हटलं की आमच्या माधवनगरात अजूनही लोक दचकतात. 'भांडीकुंडीसुद्धा उचलून नेतात' असा समज. इतिहास चाळला तर वेगळंच दिसलं.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. कोर्टाचा हुकूमनामा आणि मागून येणारी जप्ती यांनी ते पिचले होते. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला होणारी अटक थांबली. आमच्या शेजारचं तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, म्हणजे तेही त्यात आलं.

आजचा कायदा १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा. जप्तीसाठी सूर्यास्तानंतर घरात शिरायचं नाही (कलम ६२). गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारं, शेतीला लागणारी गुरं आणि बियाणं जप्त होत नाही (कलम ६०).

तेव्हा बेलिफ आला तर वॉरंट बघायला मागा, पंचनामा वाचून मगच सही करा. त्याला अडवू मात्र नका, तो गुन्हा ठरतो. आणि हो, क्रेडिट कार्डाच्या वसुलीला येणारा एजंट म्हणजे बेलिफ नव्हे. कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला तुमच्या घरातला चमचाही उचलता येत नाही.