बोटीवरची जागा



आजचा विषय वाचून काहींना हसू आले असेल. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंचीवर. इथे टेबललँड, शाळा, स्ट्रॉबेरी आणि पाहुणे. इथे बसून मासेमारी बोटीवरच्या खलाशाबद्दल काय बोलायचे?

पण झाले असे की गेल्या महिन्यात फिरायला गेलो असताना कॉलेजात जाणारा एक ओळखीचा मुलगा भेटला. त्याने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. अलास्कात उन्हाळ्यात मासेमारी बोटीवर पोरे हवी आहेत, अनुभव नसला तरी चालेल. मुलगा म्हणाला, "सर, तिकडं जायला मिळणार नाही, ते कळतंय. पण आपल्याकडं असं काम सुटीत मिळतं का?"

आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही. कारण हाच प्रश्न घेऊन १९६९ च्या मे महिन्यात आम्ही तिघे मित्र घाट उतरून गेलो होतो. त्याचे उत्तर नीट द्यायचे तर थोडा इतिहास सांगावा लागतो. तो आज सांगायचा आहे.

आधी अलास्काचे बघू. तिथल्या ब्रिस्टल बे या उपसागरात जून-जुलैत सॅमन मासा समुद्रातून नद्यांकडे वळतो. सगळा खेळ काही आठवड्यांचा. तेवढ्यापुरती बोटींना जादा माणसे लागतात आणि नेमकी तेव्हाच तिकडच्या कॉलेजांना सुटी असते. माशाचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक जुळले, म्हणून सुटीतला खलाशी ही गोष्ट तिथे शक्य झाली. आणखी एक लक्षात ठेवा. तिथे खलाशाला बहुधा ठरावीक पगार नसतो. धरलेल्या मासळीच्या किमतीतला काही टक्के हिस्सा त्याला मिळतो. या हिश्शाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आपल्या किनाऱ्यावर ही दोन वेळापत्रके एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. कोकणात मासेमारीचे वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू होते. समुद्राला नारळ द्यायचा आणि होड्या पाण्यात घालायच्या. मे संपत आला की बोटी किनाऱ्यावर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि जाळी दुरुस्त करत पावसाळा काढायचा. आता याला कायद्याचे रूप आहे. १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. सध्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर तेवढेच दिवस, पण १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे आपल्या मुलांची परीक्षा संपून सुटी लागते, तेव्हा बोटीवरचे काम सरत आलेले असते. सुटीत खलाशी व्हायला निघालेला मुलगा आपल्याकडे नेहमीच उशिरा पोचतो.

आम्हीही उशिराच पोचलो. महाबळेश्वरहून एसटीने आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, तिथून खेड, दापोली आणि मग हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला आम्ही पुस्तकात वाचलेला. हर्णैला बोटी थेट काठाला लागत नसत. त्या थोड्या आत उभ्या राहायच्या आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात शिरायच्या. बैलांच्या पोटापर्यंत पाणी आणि वर टोपल्या. मग वाळूवरच लिलाव. घाटावरच्या पोरांनी असे बैल कधी पाहिले नव्हते.

एका म्हाताऱ्या तांडेलाला आम्ही म्हटले, "काका, बोटीवर काम मिळेल का?" त्याने विचारले, "तुमी कोनाचे?" आम्ही वडिलांची नावे सांगितली, गावे सांगितली. तो हसला. "तसं नाय. बोटीवर तुमचं कोन हाय?"

आमचे बोटीवर कोणीच नव्हते. मुलाखत तिथेच संपली. पण त्याने आम्हाला हाकलले नाही. तीन दिवस बोट वर ओढायला, जाळी वाहायला ठेवून घेतले. एकदा उथळ पाण्यात होडीतून नेलेही. तिथे आमच्या तिघांचेही काय झाले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. निघताना त्याने आमच्या हातावर पैसे ठेवले नाहीत. घरातल्या पोरांना दिला तेवढाच सुक्या मासळीचा वाटा बांधून दिला. आमच्यातला एक जण शाकाहारी घरातला होता. त्याचा वाटा पोलादपूरच्या स्टँडवर कोणाला तरी देऊन टाकावा लागला. तेव्हा आम्हाला ती गंमत वाटली. पुढे कळले की त्या गाठोड्यात एक जुनी संस्था बांधलेली होती.

ती संस्था म्हणजे वाटा. जुन्या होडीवर मजूर आणि मालक अशी सरळ फाळणी नव्हती. मासळी विकून आलेल्या पैशातून खर्च वजा करायचा आणि उरेल त्याचे वाटे पाडायचे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा थोडा जास्त, प्रत्येक माणसाचा एक. नवशिक्या पोराचा अर्धा. गावागावात हिशेब वेगळा, पण तत्त्व एकच. मालवणकडची रापण घ्या. तिथे जाळ्याचे तुकडेही वेगवेगळ्या घरांचे असत आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला हिस्सा असे. मासळी मिळाली तर सगळ्यांना आणि नाही मिळाली तर कोणालाच नाही.

ही पद्धत फक्त आपली नव्हती. १८५१ साली प्रसिद्ध झालेली हर्मन मेलव्हिल यांची 'मोबी डिक' ही कादंबरी अनेकांना माहीत असेल. तिचा निवेदक इश्माएल देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर नोकरी शोधायला जातो. त्याला पगार विचारत नाहीत, हिस्सा ठरवतात. त्याच्या पदरी तीनशेवा हिस्सा पडतो. त्याचा सोबती क्वीक्वेग परका, दूरच्या बेटावरचा. पण त्याची भालाफेक पाहिल्यावर त्याला नव्वदावा हिस्सा मिळतो. बघा, तिथे 'तू कोणाचा' हा प्रश्न कौशल्यापुढे मागे पडला. आपल्या होडीवर तो मागे पडत नव्हता. होडी कोळ्यांची, खारव्यांची, गाबितांची किंवा दालद्यांची. जात, गाव आणि नाते यांनी तिचे दार राखलेले. आत जो असेल त्याला बरोबरीचा वाटा आणि बाहेरच्याला प्रवेश नाही. या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे बंद दार विसरून चालणार नाही.

'नाखवा' हा शब्दही आपल्याला काही सांगतो. तो फारसी 'नाखुदा'वरून आला. नाव म्हणजे होडी, खुदा म्हणजे धनी. होडीचा धनी. पण हा धनीही इतरांबरोबर भिजत होता आणि त्याच हिशेबात बसत होता, हे विसरू नका.

हे चित्र बदलले ते इंजिनामुळे. स्वातंत्र्यानंतर होड्यांवर इंजिने बसवायला सरकारने कर्जे आणि अनुदाने दिली. पुढे कोळंबीला परदेशात भाव आला, ट्रॉलर आले, त्यानंतर पर्ससीन जाळी आली. मच्छीमारांचे यात भले झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. लांब जाता येऊ लागले, बर्फात मासळी टिकू लागली. पण बोट महाग झाली. कर्ज, डिझेल, बर्फ, जाळी. पूर्वी होडीचा वाटा माणसांच्या वाट्यांच्या शेजारी बसायचा. आता बोट आणि तिचा खर्चच उत्पन्नातला मोठा भाग घेऊ लागले. ज्याच्याकडे भांडवल तो मालक झाला आणि बाकीचे कामगार झाले. बऱ्याच ठिकाणी वाट्याच्या जागी पगार आला. त्याच काळात किनाऱ्यावरची मुले शिकली, मुंबईला गेली, व्यापारी जहाजांवर गेली. बोटींना माणसे कमी पडू लागली.

आणि दार उघडले. आज रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा हर्णैला गेलात तर बोटीवर नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने दिसतील. ज्या देशाला समुद्रच नाही, त्या देशातली ही मुले. आमच्यासारखीच डोंगरातली. १९६९ साली घाटावरच्या तिघांना जो प्रश्न विचारला गेला, तो त्यांना कोणी विचारत नाही. त्यांना विचारतात ते उचल किती पाहिजे एवढेच.

उचल म्हणजे काय, हे सातारा-सांगलीच्या माणसांना समजावून सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी आपल्या दारावरून जातात. मोसम सुरू होण्याआधी आगाऊ पैसे द्यायचे आणि माणूस मोसमभर बांधून घ्यायचा. त्याने मध्येच काम सोडले तर मालकाचे पैसे बुडतात. मालकाने छळले तर माणसाला सुटता येत नाही. दोघांचेही पाय अडकलेले, पण सारखे नाहीत. एकजण फार तर पैसे गमावतो, दुसरा सहा-आठ महिने.

इथे आपल्या जिल्ह्याचा एक धडा आठवतो. सातारच्या पाटण-जावळीच्या डोंगरातली माणसे मुंबईला गेली आणि गोदीत, बाजारात पाठीवर ओझी वाहू लागली. तीही उपरीच होती. पण अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. नोंदणी आली, मंडळ आले, ठरलेली मजुरी आली. आम्ही हर्णैला गेलो तेच हे वर्ष. म्हणजे परक्या माणसाला कामाचे दार उघडावे आणि आत गेल्यावर त्याला हक्कही असावेत, हे घडू शकते. ते आपल्याच माणसांनी घडवून दाखवले आहे.

बोटीवर तसे झाले का? कागद आले, पण वेगळ्या कारणाने. २००८ च्या नोव्हेंबरात 'कुबेर' ही मासेमारी बोट अतिरेक्यांनी पळवली आणि तिच्यावरचे खलाशी व तांडेल मारले गेले. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली. आज ओळखपत्राशिवाय कोणाला बोटीवर घेणे म्हणजे मालकाने संकट ओढवून घेणे. 'तू कोणाचा' हा प्रश्न परत आला, पण या वेळी तो तांडेलाऐवजी राज्यसंस्था विचारते. तू कोण हे कार्डावर कळते. तुझ्या वाट्याला काय येणार, हे त्यावर लिहिलेले नसते.

तेही लिहिता येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००७ साली मासेमारीतल्या कामाविषयी १८८ क्रमांकाचा करार केला. तो २०१७ साली अमलात आला. त्यात बोटीवरच्या माणसाशी लेखी करार हवा असे म्हटले आहे. तीन दिवसांपेक्षा जास्त समुद्रात राहणाऱ्या बोटीवर २४ तासांत किमान १० तास विश्रांती हवी. कमीत कमी वय १६. पण शाळेच्या सुटीत १५ वर्षांच्या मुलाला हलके काम करू द्यायची मुभा देता येते. सुटीतल्या खलाशाची आठवण त्या करार करणाऱ्यांनाही होती!

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, म्हणून एवढे एक सांगतो. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये राज्याला जहाजाची उपमा दिली. सुकाणू कोणी धरावे यावर खलाशी भांडतात, आणि ज्याला तारे व ऋतू कळतात त्याला कोणी विचारत नाही. ही उपमा आम्ही वर्षानुवर्षे वर्गात समजावली. पण त्या खलाशांना जहाजावर कोणी घेतले, कोणत्या अटीवर घेतले, हे प्लेटोही विचारत नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. हर्णैच्या तांडेलाने ते विचारले होते. त्याच्या प्रश्नात बंद दार होते आणि त्याच्या गाठोड्यात बरोबरीचा वाटा होता. आजच्या बोटीचे दार उघडे आहे, पण गाठोडे गेले. आपल्याला हवे आहे ते उघडे दार आणि वाटा, दोन्ही एकत्र. ते मागायला लाजू नये.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तर दिले ते असे. सुटीत मिळणार नाही, बाबा. मोसम ऑगस्टात लागतो. जायचेच असेल तर ओळखपत्र काढ, आधी पोहायला शीक, उचल घेऊ नकोस आणि वाटा किती ते पहिल्या दिवशी कागदावर लिहून माग. आणि बोटीवर नेपाळहून आलेला तुझ्या वयाचा मुलगा भेटेल, त्याला विचार, त्याच्या कागदावर काय लिहिले आहे.

तो म्हणाला, "सर, त्याच्याकडं कागदच नसला तर?"

मग तुम्ही दोघे मिळून मागा, असे आम्ही म्हटले. माथाडींनी तसेच केले होते.