घरचा दप्तरखाना : लेण्यापासून तबकडीपर्यंत



रामकुंडापासून चार पावलांवर असलेल्या एका जुन्या वाड्यांतून गेल्या उन्हाळ्यांत मला एका यंत्राची परीक्षा करण्यासाठीं बोलावणें आलें. यजमान तीर्थोपाध्याय, यात्रेकरूंच्या नामावळीच्या वह्या त्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या. त्यांच्या नातवानें दोन वर्षें खपून त्या वह्यांच्या पानन् पानाचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. तीं ठेवण्यासाठीं घरांतच एक लहानसें, रात्रंदिवस चालणारें परंतु वीज थोडी खाणारें सांठवणीचें यंत्र, ज्याला आजचे लोक होम सर्व्हर म्हणतात तें, घ्यावें असा त्याचा मनोदय होता. माहितीपत्रकावर आंकडे पुष्कळ होते. गुरुजींनीं तें माझ्यापुढें सरकविलें आणि म्हणाले, "अहो, हें सगळें खरें असेल. पण माझ्या आजोबांचें अक्षर ह्यांत किती वर्षें राहील, तेवढें सांगा."

या प्रश्नाचें उत्तर माहितीपत्रकांत नव्हतें. तें शोधण्याजोगी सर्वांत जुनी जागा नाशकांतच, त्रिरश्मीच्या डोंगरांत, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत आहे. तेथील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा वर्ष ४२ मधील दानलेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रादि गरजांसाठीं त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले : दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक या व्याजानें, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा पाऊण टक्क्यानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, व्याज मात्र चालावयाचें. ही सारी व्यवस्था निगमसभेंत ऐकविली आणि रीतीप्रमाणें फलकवारांत नोंदविली, असें त्या लेखांतच सांगितलें आहे. फलकवार म्हणजे फलकांवरील नोंदींचें दप्तर, असा अर्थ विद्वानांनीं लावला आहे.

आतां पाहा. अधिकृत नोंद ती फलकांवरची; डोंगरांतला लेख ही तिची दुसरी प्रत. फलक गेले, निगमसभा गेली, व्याज देणारे विणकर गेले. उरली ती दुसरी प्रत. दगड टणक म्हणून ती उरली हें खरेंच. परंतु ती पहिल्या प्रतीच्या शेजारीं नव्हती, हेंही तितकेंच खरें. गोवर्धनाचें दप्तर आगींत सांपडलें असतें तरी त्या आगीची झळ डोंगरापर्यंत पोंचणारी नव्हती.

नहपानाचें राज्य गौतमीपुत्र सातकर्णीनें घेतलें. त्याच्या दोन आज्ञा तिसऱ्या लेण्यांत एकीखालीं एक कोरलेल्या आहेत. पहिली वर्ष १८ ची. पूर्वीं उषवदाताकडे असलेलें शेत भिक्षूंना दिल्याची. दुसरी वर्ष २४ ची. काखडी गांवीं दिलेलें शेत कसलें जात नाहीं, गांवांत वस्ती नाहीं, म्हणून त्याऐवजीं नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतांतून शंभर निवर्तनें द्यावीं, अशी. जुनी आज्ञा छिलून टाकलेली नाहीं. नवी तिच्याखालीं आली. हाच राजा नाण्यांच्या बाबतींत मात्र निराळा वागला. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला, आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा मारलेला होता. त्याच चकतीवर पुन्हा लिहिण्याची ही पद्धत. पुष्कळ नाण्यांवर नव्या ठशाच्या आडून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. जुनी हार्ड डिस्क पुसून विकणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

लिहिण्याच्या या दोन पद्धतींपैकीं पहिली तीर्थोपाध्यायांनीं उचलली. यात्रेकरू आला म्हणजे गुरुजी त्याचें गांव, जात, आडनांव विचारतात, त्या खुणेवर वही काढतात, आणि त्याच्या आजा-पणजाची नोंद त्याला वाचून दाखवितात. मग त्याचें, भावांचें, मुलांचें नांव तिच्याखालीं लिहिलें जातें व तो आपल्या हातची सही करतो. आधींची नोंद कोणी खोडीत नाहीं. जुन्या नोंदी मोडींत, बोरूनें लिहिलेल्या. शाई काजळ आणि डिंक यांची. काजळ म्हणजे निव्वळ कोळसा; उजेडानें वा हवेनें तें फिकें पडत नाहीं. हिराकसाच्या शाईनें कालांतरानें कागद खाल्लेला पुष्कळांनीं पाहिला असेल. काजळाची शाई तसें करीत नाहीं. तिचा वैरी एकच, तो म्हणजे पाणी.

आणि नाशकांत पाणी घराच्या पायरीपर्यंत येतें. गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला कीं गळ्याला लागला यावरून त्याचें माप सांगण्याची नाशिककरांची रीत सर्वांना ठाऊक आहे. १९६९, २००८ आणि २०१६ या सालांचे पूर तर डोळ्यांनीं पाहिलेले लोक आज आपल्यांत आहेत. गुरुजींच्या वाड्यांत वह्या माडीवर, लांकडी कपाटांत, कापडांत बांधून ठेवलेल्या आहेत. हें कपाट वीज खात नाहीं, तापत नाहीं, त्याचा पंखा अडकत नाहीं. यंत्राची परीक्षा करतांना मीं त्यालाच प्रतिस्पर्धी धरलें.

कपाट सोडून माणूस तबकडीकडे कां वळला? १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें रॅमॅक नांवाचें यंत्र आणलें. त्यांत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या. वजन टनाच्या आसपास. सांठवण पन्नास लाख अक्षरांची. नातवाचें एका पानाचें छायाचित्र वीस मेगाबाइटांचें होतें. तें एकटें ठेवावयाला असलीं पांच-सहा यंत्रें लागलीं असतीं! पुढें तबकड्या लहान आणि स्वस्त झाल्या. १९८८ सालीं बर्कले येथील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं असें मांडलें कीं, एका महाग मोठ्या डिस्कऐवजीं अनेक स्वस्त डिस्का एकत्र जुंपाव्या, आणि एक मेली तर उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करावा. २००५ सालीं सन कंपनीनें झेड.एफ.एस. ही सांठवणीची प्रणाली सर्वांना खुली केली. ती जुन्या मजकुरावर नवा लिहीत नाहीं. नव्या जागीं लिहिते, आणि प्रत्येक तुकड्याची तपासणीची बेरीज निराळी ठेवते. तिसऱ्या लेण्यांतील कोरक्याची ही रीत मला फार आवडते. २०१० च्या सुमारास चार डिस्का पोटांत घेणारें आणि अवघ्या बारा वॅटच्या प्रोसेसरवर चालणारें मायक्रोसर्व्हर एच.पी. कंपनीनें काढलें, तेव्हां अशी सांठवण खऱ्या अर्थानें घरांत आली.

तर परीक्षा. प्रथम आकाराची. पानें सुमारें एक लाख. प्रत्येकीं वीस मेगाबाइट. म्हणजे दोन टेराबाइट झाले. चार टेराबाइटांची एक डिस्क पुष्कळ झाली. माहितीपत्रक प्रोसेसरच्या वेगाचें फार कौतुक करीत होतें, परंतु घरांतली तार सेकंदाला शंभर-सव्वाशें मेगाबाइटांपलीकडे नेत नाहीं, आणि साधी डिस्कसुद्धां त्याहून अधिक वेगानें वाचते. अडचण तारेची असतां घोड्याला चाबूक मारून उपयोग काय? २०१२ सालीं निघालेल्या तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय यंत्राचें उलट होतें. तें अत्यंत अल्प विजेवर चालत असे, पण त्यांत तार आणि डिस्क दोन्ही एकाच चिंचोळ्या बोळांतून जात, आणि सांठवणीला तें अपुरें पडत असे. वीज वांचविण्यालाही मर्यादा आहे.

विजेचा हिशेब मीं गुरुजींसमोर कागदावर केला. जुना टेबलावरचा संगणक यासाठीं लावला तर तो १२० वॅट खाईल. दिवसाला जवळ जवळ तीन युनिट, महिन्याला शाऐंशी. नातवानें निवडलेलें यंत्र दोन डिस्कांसह तीस वॅट. महिन्याला साडेएकवीस युनिट. गुरुजींना हें पटलें. पण जें माहितीपत्रकांत नव्हतें तें असें कीं, साडेतीन इंची डिस्क फिरत असतां पांच ते आठ वॅट घेते, परंतु स्थिर तबकडी प्रथम फिरवावयाला क्षणभर वीस-पंचवीस वॅट मागते. जात्याला पहिला फेरा जड जातो, तसेंच हें. दोन्ही डिस्का एकदम जाग्या झाल्या तर पन्नास वॅट त्यांनाच हवे. यंत्राबरोबर दिलेला अॅडाप्टर साठ वॅटांचा होता. नवा असतांना तो चालेल. तीन उन्हाळ्यांनंतर, वीज गेली आणि पुन्हा आली कीं दगा देईल. २००५ नंतरच्या वर्षांतलें भारनियमन ज्यांनीं सोसलें आहे त्यांना हें समजावून सांगावें लागत नाहीं. मीं नव्वद वॅटांचा अॅडाप्टर आणि एक लहान यू.पी.एस. घ्यावयास सांगितलें. यू.पी.एस. ची बॅटरी संपत आली कीं यंत्रानें आपणहून लेखन आटोपून झोपीं जावें, अशी तार त्यास जोडावी हेंही सांगितलें, तिच्यावांचून यू.पी.एस. म्हणजे मरण दहा मिनिटें लांबविणें.

मेमरीविषयीं नातवाशीं माझा थोडा वाद झाला. मेमरींतला एखादा बिंदु आपोआप पालटतो. विश्वकिरणांनीं, उष्णतेनें, कधीं सदोष घडणीनें. चांगल्या प्रतीच्या मेमरींत चौसष्ट बिंदूंमागें आठ पहारेकरी असतात. एक बिंदु चुकला तर ते दुरुस्त करतात, दोन चुकले तर ओरडतात. ह्या प्रकाराला ई.सी.सी. म्हणतात, आणि ती लावतां येणारीं लहान यंत्रें थोडीं व महाग. नातू म्हणाला, एक बिंदु गेला तर छायाचित्रांत काय बिघडतें? छायाचित्रांत कदाचित् कांहीं नाहीं. पण त्यानें गांवांची जी सूची केली होती तिच्यांत एका अक्षरानें गांव बदलतें. मीं ई.सी.सी. चा आग्रह धरला, अजूनही धरतों.

उष्णतेच्या बाबतींत कपाटच जिंकलें. डिस्कांचे कारखानदार साठ अंशांपर्यंत हमी देतात, पण पंचेचाळिसाच्या आंत ठेवलेली बरी. मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला लागतो, आणि पत्र्याखालच्या माडीवर त्याहून वर जातो. पुरासाठीं यंत्र वर हवें, उन्हासाठीं खालीं हवें. शेवटीं जिन्याच्या मधल्या टप्प्यावरचा, उत्तरेच्या भिंतींतला कोनाडा निवडला. २०१६ च्या पाण्याची खूण त्याच्या बरीच खालीं आहे. डिस्का मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या घेतल्या, ७२०० च्या नव्हेत. संथ चालतील पण कमी तापतील.

दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवला म्हणजे दुसरी प्रत झाली, असें नातवाला वाटत होतें. मलाही एकेकाळीं तसें वाटे. माझ्या घरीं एकाच दुकानांतून, एकाच दिवशीं घेतलेल्या दोन सारख्या डिस्का होत्या. अॅडाप्टर बिघडला आणि एका रात्रींत दोन्ही गेल्या. वडिलांच्या आवाजाच्या सात ध्वनिफिती त्यांत होत्या. एका पेटींतल्या दोन डिस्का म्हणजे एकाच भिंतीवर टांगलेले दोन फलक. एक बंद पडली तर दुसरीवर काम चालतें, हा त्यांचा उपयोग. पण पुसलेलें दोन्हींतून पुसलें जातें, आणि आग, पाणी, चोर दोन्हींना सारखेच. डोंगरावरची प्रत निराळी हवी. दोन टेराबाइट तारेवरून उतरावयाला साडेपांच तास लागतात. महिन्यांतून एकदां तेवढा वेळ काढणें अशक्य नाहीं.

गुरुजींच्या मूळ प्रश्नाला मीं उत्तर दिलें तें असें : डिस्क पांच वर्षें, नशीब असेल तर आठ, मग दुसरी घेऊन तिच्यावर उतरवावयाचें, आणि तिच्यानंतर तिसरी. २०११ सालीं थायलंडांत पूर आला आणि जगभर डिस्कांचे भाव चढले. त्या सालीं ज्याची डिस्क मेली त्याला ती महाग पडली, म्हणून एक नवी डिस्क कपाटांत आधींच असावी. गुरुजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वही पुन्हा उतरवायचीच. माझ्या आजोबांनीं दोन वह्या उतरवल्या. वाळवी लागली होती."

यंत्र श्रावणांत आलें. दुसरी प्रत एका स्वतंत्र डिस्कवर, त्र्यंबकेश्वरीं गुरुजींच्या मेहुण्याकडे असते. नातू दर अमावास्येनंतर ती आणून ताजी करतो आणि परत नेऊन देतो. एक गोष्ट मात्र अजून व्हावयाची आहे. छायाचित्रांतली मोडी वाचणारे त्या घरांत गुरुजी एकटेच. विसाव्या शतकाच्या मध्यास ती लिपि शाळांतून उठली, आणि नातवाच्या सूचींत अजून एकंदर वह्यांच्या चौथ्या हिश्श्याचींही गांवें आलेलीं नाहींत. हल्लीं संध्याकाळीं आरती झाल्यावर दोघे जिन्याखालीं बसतात. गुरुजी पडद्यावरचें पान वाचतात, नातू टंकित करतो. गेल्या आठवड्यांत मीं गेलों तेव्हां सिन्नर तालुक्याच्या वह्या चालू होत्या.