एरंडाचं गुऱ्हाळ

मंडळी, आमच्या विंचुरातून कांद्याचे ट्रक धावतात ते डिझेलवर. पण १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं! कच्चं तेल दाट, नोझलला काजळी धरतं. मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं की त्याचंच बायोडिझेल होतं.

आमच्याच निफाड तालुक्यातले, कुंदेवाडीचे दिवंगत विनायकदादा पाटील यांनी मोगली एरंड शेतकऱ्यांपुढे आणला, तो सरकार जागं होण्याच्या कितीतरी आधी. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने त्याच झाडावर भिस्त ठेवली. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठरवलं. ते काही गाठलं गेलं नाही.

कारण साधं. पडीक जमिनीत हे झाड जगतं, पण पाण्याशिवाय पुरेसं बी देत नाही. आणि पाणी असेल तर आमचा शेतकरी द्राक्षं सोडून एरंड कशाला लावील?

२०१८ च्या धोरणात तळणाचं उरलेलं तेल आलं. त्याला ना जमीन लागते, ना पाणी. चांगलंच आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती त्यातून काय पडलं?

इंजिन काय, कशावरही चालेल हो. शेतकऱ्याचं घर चालायला भाव लागतो. बघा पटतंय का.