खटक्यापासून बटणापर्यंत

नवा रायपूरच्या ट्रिपल आयटीत शिकताना तुमचा छोटा लॅपटॉप एके दिवशी सुरूच झाला नाही, तर तो भंगारात काढण्यापूर्वी बटणाचा इतिहास आठवा. 1981 च्या आयबीएम पीसीच्या बाजूचा लाल खटका थेट वीजपुरवठाच तोडत असे. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स रचना आणली आणि बटण मदरबोर्डला केवळ इशारा देऊ लागले. 2007 च्या आसुस ई-पीसीसारख्या छोट्या लॅपटॉपमध्येही हेच तत्त्व आहे. म्हणूनच बटण तुटले तरी संगणक शाबूत असू शकतो. चार्जर व बॅटरी काढा आणि मल्टिमीटर स्विचच्या टोकांना लावा. दाबल्यावरही जोडणी दिसत नसेल, तर दोष स्विचचा. त्याच मापाचा नवा स्विच सोल्डर करा. बहुधा तेवढ्याने काम भागते.