वज्रलेपाची मात्रा

देवाच्या मूर्तीला वज्रलेप केल्याची बातमी आपण अधूनमधून वाचतो. हा शब्द जवळजवळ दीड हजार वर्षांचा आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वज्रलेपाची कृतीच दिली. कच्ची टेंभुरणे, कच्ची कवठे, काटेसावरीची फुले, साळईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड पाण्यात उकळायचे. आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे. मग गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेलफळ वगैरे घालून तो लेप देवळाच्या भिंतींना गरम गरम लावायचा. देऊळ टिकायचे ते रानाच्या भरवशावर!

वेरूळच्या लेण्यांतही रान आहे. तिथल्या गिलाव्यात माती-चुन्याबरोबर भांगेच्या झाडाचे तंतू कालवले आहेत, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही. तिथे किड्यांनी चित्रे पोखरली, वेरूळ मात्र वाचले, असे संशोधकांचे म्हणणे.

आपले गवंडी चुन्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालून तो घाणीत मळत. चीनमध्ये चिकट तांदळाची पेज घालत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश दगड होतो; त्या पेजेतला स्टार्च चुन्याचे स्फटिक बारीक आणि घट्ट ठेवतो, असे २०१० सालच्या एका अभ्यासात आढळले.

आज जगातल्या कार्बन उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे होते. म्हणून काँक्रीटवाल्यांनाही झाडे आठवू लागली आहेत. लाकडाच्या लगद्यातून निघणारे लिग्नोसल्फोनेट तर ते कित्येक दशके वापरतात. त्याने पाणी कमी लागते आणि काँक्रीट मजबूत होते.

पण म्हणून कुणी स्लॅबच्या मालात गुळाची ढेप टाकू नये. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरेने माल घट्ट व्हायला सुमारे चार तास उशीर होतो. कडक उन्हात तो उपयोगी पडेल. पण साखर एक टक्क्यावर गेली, तर माल जवळजवळ जमतच नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. वृत्तात एक मात्रा चुकली की ओळ लंगडते, हे मला ठाऊक आहे. औषधाच्या मापालाही आपण मात्राच म्हणतो. वराहमिहिराने आपली मात्रा लिहून ठेवली. घाणीवरच्या मजुराची मात्रा मात्र त्याच्या हातात होती, कागदावर नव्हती. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींवर आपण सिमेंट थापतो, आत ओल कोंडते आणि भिंत फुगते. चुना मळणारे म्हातारे हात अजून कुठे कुठे आहेत. इंजिनिअरांनी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसावे. रानातली झाडे पुन्हा लावता येतील. गेलेला हात परत येत नाही.