संकलन, संपादन आणि एक ‘पण’

‘एडिटिंग’ या एका शब्दासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत. ग्रंथाचे आणि वृत्तपत्राचे होते ते संपादन; चित्रपटाचे होते ते संकलन. पहिल्यात अर्थाची जबाबदारी गृहीत आहे, दुसऱ्यात जुळणीचे कौशल्य. दूरचित्रवाणीच्या बातमीने ही दोन कामे एकाच टेबलावर आणली. ती कशी आली, हे पाहण्यासाठी यंत्रांच्या इतिहासात थोडे शिरावे लागते.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेव्हा संकलन म्हणजे फिल्म कापणे आणि चिकटवणे. मधला तुकडा काढून तिथे दुसरा बसवता येई. बाकीची फिल्म थोडी पुढेमागे सरकली की काम झाले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे बातमीसाठी व्हिडिओ टेप आली आणि ही मोकळीक गेली. एका यंत्रावर मूळ टेप लावायची, दुसऱ्यावर हवी ती दृश्ये एकामागून एक उतरवून घ्यायची. मधले दृश्य पाच सेकंदांनी वाढवायचे झाले, तर त्यापुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे. प्रतीवरून प्रत काढावी, तर चित्र फिके पडे. साहजिकच क्रम आधी कागदावर पक्का होई. संहिता पुढे आणि चित्र तिच्या मागे, असा तो शिरस्ता होता.

१९८९ मध्ये अमेरिकेत ‘एव्हिड’ची संगणकीय संकलनप्रणाली बाजारात आली. चित्रण संगणकाच्या डिस्कवर साठवायचे आणि पडद्यावरील ‘टाइमलाइन’वर त्याचे तुकडे हवे तसे हलवायचे, ही ती नॉन-लिनिअर पद्धत. यात मूळ चित्रणाला धक्का लागत नाही; कुठला तुकडा कुठून कुठवर दाखवायचा, याची फक्त नोंद बदलते. ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ या वाहिन्या २००७ मध्ये सुरू झाल्या, तोवर ही पद्धत चांगलीच रुळली होती. बातमीचा क्रम आता प्रसारणाच्या क्षणापर्यंत बदलता येऊ लागला.

या सोयीची किंमत कोण मोजतो? इंदापूर तालुक्यातील, नीरेकाठच्या निरवांगीहून पाण्याची बातमी आली आहे, अशी कल्पना करू. शेतकरी सांगतो, “औंदा पाणी आलं, पण उशिरा आलं. तवर पीक जळालं होतं.” बातमी चाळीस सेकंदांत बसवायची आहे. संकलक ‘पण’च्या आधी कात्री लावतो आणि जोड दिसू नये म्हणून त्यावर वाहत्या कालव्याचे दृश्य टाकतो. शब्द त्या माणसाचेच, आवाजही त्याचाच. खोटे असे काहीच नाही. तरीही तक्रार करणारा शेतकरी पडद्यावर समाधानी होऊन बसतो. ‘पण’ या उभयान्वयी अव्ययाचे मोल आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. ते इतके जड असेल, याची जाणीव आम्हांलाही अशा बातम्या पाहूनच झाली.

टेपच्या काळात असे होत नव्हते, असा आमचा दावा नाही. तेव्हाही शब्द कापले जातच. फरक इतकाच की, ते कापणे आता काही क्षणांचे काम झाले आहे आणि घाईत त्याकडे तांत्रिक बाब म्हणून पाहिले जाते. खरे तर तो अर्थनिर्णय आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. मूळ पाठाविषयीची ही धास्ती हीच संपादनाची नीती होय.

गंमत अशी की, नॉन-लिनिअर पद्धतीत मूळ पाठ अबाधित राहतो. तो जपून ठेवला, तर दाखवलेले आणि बोललेले यांतील पाठभेद कोणालाही तपासता येतील. मात्र डिस्कवर जागा हवी म्हणून तो पुसला, तर निरवांगीच्या त्या माणसाचा ‘पण’ कायमचा गेला. टाइमलाइनपुढे बसणाऱ्याला आपण संकलक म्हणतो; त्याच्याकडून अपेक्षा मात्र संपादकाचीच धरायला हवी.